जरीमरी, मोत माउली आणि वेशीवरचे क्रूस

बोरिवलीत आयसी कॉलनीला लागून मंडपेश्वरची लेणी आहेत. सहाव्या ते आठव्या शतकादरम्यान कोरलेली ही शैव लेणी. आत नटराज आहे, शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला बाहेर रांग लागते. पण एका भिंतीवर, जिथं कधीकाळी देवाची मूर्ती असणार, तिथं दगडात भलामोठा क्रूस कोरलेला दिसतो. लेण्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन मठाचे पडके अवशेष आहेत आणि शेजारी माउंट पॉइन्सरचं चर्च अजून नांदतं आहे. पॉइन्सर म्हणजे आपलं पोयसर.

क्रूस कोरणाऱ्यांची गोष्ट २३ डिसेंबर १५३४ पासून सुरू होते. गुजरातच्या बहादूरशहाच्या मागे हुमायून लागला होता. पोर्तुगीजांची मदत हवी म्हणून त्यानं वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. आजची वांद्र्यापासून दहिसरपर्यंतची आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची सगळी उपनगरं या एका तहात गेली. वसईला कचेरी बसली आणि काही वर्षांतच फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु दु पोर्तु साष्टीत फिरू लागला. देवळं पाडणं आणि बाप्तिस्मा देणं ही त्याची दोन कामं. मंडपेश्वरच्या लेण्यात त्यानं नोसा सेन्योरा दा पियेदादे, म्हणजे करुणेच्या मातेचं चर्च थाटलं. मूर्ती काही फुटल्या, काही भिंतीआड आणि गिलाव्याआड गेल्या. ज्या झाकल्या गेल्या त्या पुढच्या मोडतोडीतून वाचल्या हा उपकार पोर्तुगीजांच्या हातून नकळत झाला.

कान्हेरीतही तेच घडलं. तिथले बौद्ध भिक्खू कित्येक शतकांपूर्वी निघून गेले होते आणि रिकाम्या लेण्यांत योगी राहत होते. दियोगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकारानं लिहून ठेवलंय की, त्यांतल्या एका योग्यानं बाप्तिस्मा घेऊन पावलो रापोझो हे नाव धारण केलं. मोठ्या चैत्यगृहात सेंट मायकलच्या नावानं उपासना सुरू झाली. दु कोउतुनं आणखी एक हकिगत दिली आहे. कान्हेरीच्या डोंगरातलं भुयार थेट खंबायतेपर्यंत जातं असं पाद्री दु पोर्तुच्या कानावर आलं. तो वीसेक माणसं, शिधा आणि बंदुका घेऊन आत शिरला, सात दिवस हिंडला आणि शेवट न सापडता परत आला. देवळांच्या बाबतीत एवढा निःशंक असलेला माणूस गावकऱ्यांच्या भुयाराच्या कथेवर मात्र आठवडाभर विश्वास ठेवून चालत होता. मला हा प्रसंग त्या शतकातला सगळ्यात खरा वाटतो.

साष्टीतली माणसं ख्रिस्ती कशी झाली, याचं उत्तर मराठी घरांमध्ये ठरलेलं असतं: पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, ज्यांनी ते पाणी प्यायलं ते बाटले. या गोष्टीत धर्मांतराची पद्धत सापडत नाही. जातीनं त्या माणसांसाठी परतीचं दार कसं लावून घेतलं, ते मात्र सापडतं. प्रत्यक्षात कारणं रूक्ष होती. गावंच्या गावं पाद्र्यांच्या संघांना इनाम मिळाली, म्हणजे खंड वसूल करणारा आणि मिस्सा सांगणारा एकच झाला. देवळं उभारायला आणि दुरुस्त करायला बंदी आली. आईबाप नसलेली हिंदू मुलं ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात द्यायचे हुकूम निघाले. जेझुइटांनी १५७५ मध्ये वांद्र्याच्या कोळीवाड्यात सेंट अँड्र्यूजचं चर्च बांधलं. पाद्री मानुएल गोम्स याला तर 'साष्टीचा प्रेषित' असंच नाव पडलं. बाप्तिस्मा घेतलेले लोक कोळी, कुणबी, भंडारी होते. त्यांच्या जमिनी, होड्या आणि माडाची झाडं जागच्या जागीच राहिली. बदललं ते नाव, लग्न लावणारा आणि पुरणारा.

आणि देव?

हा प्रश्न नीट कळायला थोडा वेळ मुंबई सोडून अटलांटिकपलीकडे जावं लागेल. कॅरिबियन समुद्रात सँ-दोमँग नावाची फ्रेंच वसाहत होती. तिचंच पुढं हैती झालं. उसाच्या मळ्यांवर राबायला पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून माणसं धरून आणली जात. चौदाव्या लुईच्या १६८५ च्या 'कोद न्वार' या कायद्यातलं दुसरंच कलम सांगतं की, वसाहतीतल्या प्रत्येक गुलामाला कॅथलिक बाप्तिस्मा द्यावा. १७९१ मध्ये तिथं जवळपास पाच लाख गुलाम होते. त्यांतले कितीतरी आफ्रिकेत जन्मलेले. फॉन, योरुबा, कोंगो अशा वेगवेगळ्या समाजांचे. त्यांची देवस्थानं, पूर्वजांच्या समाध्या, नदीकाठची झाडं हे सगळं हजारो मैल मागे राहिलं होतं. मळ्यावर दिसत होती ती फक्त चर्चमधली चित्रं.

त्या चित्रांत त्यांनी आपले ल्वा, म्हणजे देवगण, वसवले. सेंट पॅट्रिकच्या पायाशी साप असतात, म्हणून तो सर्परूप दांबाला झाला. हातात स्वर्गाच्या किल्ल्या असलेला सेंट पीटर म्हणजे वाटा उघडणारा पापा लेग्बा. घोड्यावर बसून तलवार परजणारा सेंट जेम्स हा लोखंडाचा आणि युद्धाचा देव ओगू. दुःखी माता एझिली फ्रेदा झाली, तर पोलंडमधल्या चेन्स्तोखोवाची सावळी, गालावर व्रण असलेली मरियम एझिली दांतोर झाली. नेपोलियननं १८०२ साली हैतीत उतरवलेल्या पोलिश पलटणींबरोबर ती आली असं मानतात. या सगळ्यांच्या वर एकच निर्माता, बोंद्ये. तो दूर असतो, त्याला रोजच्या कामांत ओढायचं नसतं. रोजची कामं ल्वा करतात: पोटदुखी, प्रेम, खटला, समुद्रप्रवास. ते माणसाच्या अंगात येतात, खातात, पितात, नाचतात, रागावतात. ज्याच्या अंगात आलं तो त्या ल्वाचा घोडा. खंडोबाच्या जागरणात किंवा देवीच्या घटाशी अंगात आलेलं पाहिलेल्या मराठी माणसाला यात परकं काहीच वाटू नये.

याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं असतं की, गुलामांनी मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकायला संतांचे मुखवटे घेतले आणि आत जुने देव पुजले. ते अर्धवट आहे. कोंगोचा राजा न्झिंगा आ न्कुवू यानं १४९१ मध्येच पोर्तुगीज पाद्र्यांकडून बाप्तिस्मा घेतला होता. त्याच्या मुलानं गादीवर येताना जिंकलेल्या लढाईचं श्रेय सेंट जेम्सला दिलं होतं. म्हणजे कोंगोतून जहाजात कोंबलेल्या बऱ्याच माणसांना संतांची ओळख आधीपासून होती. त्यांच्या लेखी ओगू आणि सेंट जेम्स यांत खरा कोण आणि मुखवटा कोण, हा प्रश्नच नसावा. शिवाय १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाल्यावर रोमनं तिथं पाद्री पाठवणंच थांबवलं, ते थेट १८६० च्या करारापर्यंत. मधली छप्पन्न वर्षं मालकही नव्हता आणि बिशपही नव्हता. मुखवट्याची गरज संपली होती, तरी संत गेले नाहीत. उलट त्याच काळात ल्वांच्या या धर्माचे, म्हणजे व्होडूचे, पुजारी, देवळं, विधी घट्ट झाले. पुढं चर्च परत आलं आणि १९४१-४२ मध्ये सरकारच्या मदतीनं त्यानं 'अंधश्रद्धाविरोधी' मोहीम काढली. देवळं जाळली, ढोल फोडले, लोकांकडून ल्वा सोडल्याच्या शपथा घेतल्या. तरीही दर १६ जुलैला सो-दो इथल्या धबधब्याखाली माउंट कार्मेलची माता आणि एझिली यांचे भक्त एकाच पाण्यात भिजत राहिले. सरकारनं व्होडूला धर्म म्हणून मान्यता दिली २००३ साली.

आता साष्टीकडे परत येऊ. इथंही कॅथलिक राजा, इथंही सक्ती, वर इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं चर्चचं न्यायासन. गोव्यात १५६० साली आलेल्या त्या न्यायासनाचा प्रतिनिधी वसईत बसत असे. मग इथं व्होडूसारखा तिसरा धर्म का जन्माला आला नाही? माझं उत्तर असं: हैतीतल्या माणसाचे देव समुद्रापलीकडे राहिले होते, त्यांना संतांच्या तसबिरीत बिऱ्हाड द्यावं लागलं. साष्टीतल्या ख्रिस्ती कोळ्याचे जुने देव शेजारच्या वाडीत होते. त्यांना कुठं दडवायची गरजच नव्हती. गरज पडली की उठून तिकडं चालत जाता येत होतं.

पाद्र्यांनाही याची कल्पना होती. गोव्यात इन्क्विझिशननं १७३६ मध्ये एक लांबलचक फर्मान काढलं, ते वाचलं की ख्रिस्ती घरांत दोनशे वर्षांनंतरही काय काय चालू होतं, त्याची यादीच हाती लागते. अंगणात तुळस लावू नये. लग्नात पान, सुपारी, फुलं पाठवू नयेत. ओव्या गाऊ नयेत. भातात मीठ न घालता तो शिजवू नये. बायकांनी चोळी घालू नये आणि पुरुषांनी धोतर नेसू नये. देवाचं नाव यात फारसं येत नाही. अडचण अंगणाची आणि स्वयंपाकघराची होती. राजसत्तेचा हात देवळापर्यंत पोचत होता, चुलीपर्यंत पोचताना थकत होता.

आणि तीनच वर्षांत उत्तरेकडची ती सत्ताच संपली. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेऊन साष्टीत पाय रोवले. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांपुढं वसईचा किल्ला पडला. युरोपी पाद्री आणि जमीनदार होड्यांतून मुंबई-गोव्याकडे निघाले. मंडपेश्वर पुन्हा महादेवाचं झालं. मागे राहिले ते साष्टीतले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी, आणि त्यांचं बघायला गोव्याहून आलेले देशी पाद्री. पेशव्यांच्या राज्यात या लोकांचं काय झालं असेल, याबद्दल दोन्ही बाजूंनी भडक कल्पना केल्या जातात. १७६० मध्ये आंकेतील-द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून गेला. अवेस्ता मिळवायला सुरतेला आलेला हा माणूस लेणी पाहायला इकडं वळला होता. ठाण्याजवळ एका सणाला हजारो ख्रिस्ती लोक जमलेले आणि सगळा सोहळा उघडपणे चाललेला पाहून त्याला आश्चर्य वाटलं.

हैतीला जी छप्पन्न वर्षं मिळाली, तसलाच काहीसा हा काळ. गोरा मिशनरी नाही, इन्क्विझिशनचा माणूस नाही, गावचा पाद्री देशी आणि गरीब. इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात साष्टी घेतली तरी त्यांना या कॅथलिक कुणब्यांच्या चालीरीतींशी काही देणंघेणं नव्हतं. चर्चमध्ये तर अधिकार पोर्तुगीज राजाच्या धर्मसनदेचा (पाद्रवादो) की रोमच्या धर्मप्रसार खात्याचा (प्रोपागांडा), यावर भांडण पेटलं. १७९४ पासून मुंबईत दोन अधिकारक्षेत्रं शेजारी शेजारी चालू लागली, ती १९२८ पर्यंत. एका गावात दोन पाद्री आणि दोघांत अबोला, असं दृश्य उपनगरांतल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेलं आहे. वरचे असे भांडत असताना खालच्यांनी आपला धर्म आपल्या सोयीनं चालवला.

सोयीचा प्रश्न सगळ्यात कडक होतो तो साथ आल्यावर. १८१७ मध्ये बंगालमध्ये भडकलेली पटकी पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात पोचली आणि काही वर्षं हटलीच नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा. गावोगाव एकच निदान होतं: साथीची देवी जरीमरी कोपली आहे. तिला साडी-चोळी, नारळ, कोंबडं देऊन, गाड्यात बसवून वेशीबाहेर पोचवलं तर गाव सुटेल. हिंदू गावांनी ते केलं. पण जे गाव अर्धं ख्रिस्ती आहे, तिथं काय? देवीला पोचवताना अर्ध्या गावानं अंग काढून घेतलं तर ती त्या अर्ध्या घरांत परत शिरणार. १८२०-२१ च्या सुमारास ठाणे भागातल्या ख्रिस्ती कोळ्यांपैकी बरेच जण उघडपणे हिंदू झाले. देवी आणि खंडोबा यांना मोकळेपणी पुजता यावं हे त्यांचं कारण होतं, असं इंग्रजांच्या नोंदी सांगतात. ना पेशव्याचा दट्ट्या, ना कुणाचं आमिष. पेशवाई तर १८१८ मध्येच बुडाली होती. पटकीनं हे धर्मांतर केलं. शुद्धी, घरवापसी वगैरे शब्द राजकारणात येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे आणि त्या शब्दांत ती बसतही नाही. या लोकांना धर्म बदलायचा नव्हता, एका विशिष्ट रोगावर काम करणाऱ्या देवीपर्यंत पोचायचं होतं. धर्म हा त्या वाटेवरचा टोलनाका होता.

वांद्र्याच्या तलावाकाठी जरीमरीचं देऊळ आजही आहे आणि अंधेरी-कुर्ल्याच्या मधल्या एका सबंध वस्तीला तिचंच नाव आहे. तिकडून विमानं उतरतात.

पण बहुसंख्य ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. त्यांनी काय केलं? त्यांनी रोगांची वाटणी आपल्याच संतांत पाहिली. कॅथलिक संत या बाबतीत आपल्या देवींहून फार वेगळे नाहीत. प्रत्येकाचं खातं ठरलेलं. प्लेगला सेंट रॉक आणि सेंट सेबॅस्टियन. हरवलेल्या वस्तूला सेंट अँथनी. घशाला सेंट ब्लेझ: अंधेरीत आंबोलीचं चर्च त्याच्याच नावाचं आहे आणि ३ फेब्रुवारीला या संताच्या सणाला दोन मेणबत्त्या गुणाकाराच्या चिन्हासारख्या धरून भाविकांच्या गळ्याला लावतात. युरोपातल्या खेड्यांनीही कधीकाळी आपले जुने देव असेच संतांत मुरवले होते. पोर्तुगीज पाद्री साष्टीत जे घेऊन आला, तो धर्म आधीच एकदा मिसळून झालेला होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. शहरातून माणसं उपनगरांकडे, गावांकडे पळाली आणि रोगही त्यांच्याबरोबर आला. वांद्रे, सांताक्रूझ, अंधेरी, मरोळ या पट्ट्यातल्या ख्रिस्ती गावठाणांत त्या वर्षांत नाक्यानाक्यावर, वेशीवर, वाडीच्या तोंडाशी दगडी क्रूस उभे राहिले. कुणी नवस बोलून उभारलेला, कुणी वाचल्याबद्दल, कुणी गेलेल्यांच्या नावानं. चौथऱ्यावर साल आणि घराण्याचं नाव कोरलेलं. मरियमेच्या महिन्यात, म्हणजे मेमध्ये, संध्याकाळी गावकरी क्रूसाशी जमतात, झेंडूच्या माळा घालतात, रोझरी आणि लदीन या प्रार्थना म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. आता या क्रूसांच्या जागा नीट पाहा. गावाची हद्द, तिठा, विहिरीजवळ, मोठ्या झाडाखाली. कोकणातल्या कुठल्याही हिंदू गावात याच जागांवर वेताळ, म्हसोबा, चेडा किंवा सीमेवरचा नारळ असतो. गावची राखण करणाऱ्याची जागा ठरलेली असते, तिथं कोण उभा राहील ते गाव कुणाचं यावर ठरतं. आम्ही मुंबईकर रस्तारुंदीच्या नकाशावर हे क्रूस अडथळा म्हणून मोजतो. २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा असा एक जुना क्रूस महापालिकेनं पाडला तेव्हा गावठाणातली माणसं का खवळली, हे बाहेरच्यांना कळलंच नाही.

वांद्र्याच्या टेकडीवरच्या मोत माउलीचं, म्हणजे तिथल्या मरियमेचं, प्रकरण याहून गोड आहे. जेझुइटांनी सोळाव्या शतकात तिथं छोटं चॅपेल बांधलं आणि पोर्तुगालहून लाकडी मूर्ती आणली. १७०० मध्ये अरबी चाचे उतरले. मूर्तीच्या हातात सोनं आहे असं वाटून त्यांनी तिचा उजवा हात तोडला. मधमाशांचं मोहोळ उठलं आणि चाचे पळाले, असं लोक सांगतात. मराठ्यांच्या स्वारीच्या धामधुमीत चॅपेलही गेलं. मग पुढची गोष्ट कोळ्यांची: एका कोळ्याला स्वप्न पडलं, माउली समुद्रात आहे असं दिसलं आणि जाळ्यात मूर्ती आली. १७६१ मध्ये ती टेकडीवर परत बसली. आजची दगडी वास्तू १९०४ ची, तिचा वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय हा पारशी. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

स्वप्नात येणं, पाण्यातून वर येणं, जाळ्यात सापडणं: कोकणच्या किनाऱ्यावरची निम्मी देवस्थानं याच वाटेनं प्रकट झाली आहेत. जी मूर्ती राजाच्या जहाजातून लिस्बनहून आली होती, ती कोळ्याच्या जाळ्यातून आल्यावर इथली झाली. तिची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं आणि हल्ली विमानंही मिळतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, त्यानं ते वाहायचं. रांगेत नऊवारीतल्या हिंदू कोळणी असतात, त्या कार्ल्याच्या एकवीरेलाही जातात. एकवीरा स्वतः बौद्ध चैत्याच्या दाराशी बसली आहे, हेही लक्षात असू द्यावं. जुन्या पवित्र जागेवर नवा देव बसवायची कल्पना काही पोर्तुगीजांनी जहाजातून आणली नव्हती.

गोव्यात तर हे नातं उघड बोलून दाखवतात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई अशा सात बहिणी. त्यांतली सर्वांत धाकटी मिराबाई ख्रिस्ती झाली, तीच म्हापशाची मिलाग्रीस सायबीण. तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. बहीण बाटली म्हणून बाकीच्या सहा जणींनी तिच्याशी संबंध तोडले नाहीत, ही त्या कथेतली मोठी गोष्ट. कुंकळ्ळीची शांतादुर्गा देऊळ पाडल्यावर फातर्प्याला गेली. तिच्या सांत्र्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या उत्सवात कुंकळ्ळीच्या ख्रिस्ती वांगडींचा (कुळांचा) मान आजही आहे. एझिली आणि मरियम यांना हैतीत एकाच चित्रात राहावं लागलं. इथं त्यांना दोन घरं मिळाली आणि येणंजाणं राहिलं.

साष्टीच्या ख्रिश्चनांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं. रेल्वेत, कस्टममध्ये नोकऱ्या मिळवताना गोवेकरांहून आपण वेगळे आणि कंपनी सरकारचे जुने रयत आहोत, हे दाखवायचं होतं. नाव इंग्रजी, आडनावं पोर्तुगीज, भाषा मराठी. लग्नात मात्र आदल्या दिवशी बँड लावून बायका कळश्या घेऊन विहिरीवर जातात आणि 'उंबराचं पाणी' आणतात. त्या पाण्यानं नवरा-नवरीची आंघोळ. कुठल्याही धर्मपुस्तकात हा विधी नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अगेरा, नव्या भाताच्या लोंब्यांना पाद्र्याचा आशीर्वाद. शेतं केव्हाच गेली आणि त्यांच्या जागी टॉवर आले, तरी भाताच्या लोंब्या कुठून तरी आणल्या जातात. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२-६५) चर्चमध्ये समई आणि आरती अधिकृतपणे आली. वरून आलेल्या त्या भारतीयीकरणाकडे काही जुन्या ईस्ट इंडियन बायका संशयानं पाहतात, कारण त्यांच्या मते आरती हिंदूंची आणि उंबराचं पाणी मात्र अस्सल ख्रिस्ती.

भुताखेतांचा विषय राहिलाच, आणि त्याच्यासाठी अंधेरीच्या एमआयडीसीत जावं लागतं. कोंदिता नावाच्या गावात जेझुइटांनी १५७९ मध्ये सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च बांधलं. अडीचशे वर्षं ते नांदलं. १८४० च्या सुमारास साथ आली, गाव उठलं, पॅरिश मरोळला हलली. मूर्ती, खांब, जे नेता आलं ते लोकांनी नव्या चर्चमध्ये नेलं. मागे उरल्या बिनछपराच्या भिंती आणि त्यांवर चढलेली वडाची मुळं. पुढं ही सगळी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि १९७३ मध्ये सीप्झ या निर्यात क्षेत्राचं कुंपण पडलं. आत हिऱ्यांचे आणि संगणकाचे कारखाने आले. तेव्हापासून त्या भिंतींभोवती रात्रपाळीच्या कामगारांच्या गोष्टी जमत गेल्या: पांढऱ्या कपड्यातली बाई, आपोआप वाजणारी घंटा. सांगणारे बहुतेक हिंदू, आणि भिंती चर्चच्या. वेशीवरच्या पडक्या देवळाबद्दल कोकणातली आजी जे सांगते, तेच हे लोक पडक्या चर्चबद्दल सांगतात.

मेमधल्या एका रविवारी मात्र सीप्झचं फाटक मरोळच्या पॅरिशसाठी उघडतं. ओळखपत्रं तपासून लोकांना आत सोडतात. उघड्या आभाळाखाली, वडाच्या मुळांच्या सावलीत मिस्सा होते, मग गावकऱ्यांच्या गप्पा आणि खाणंपिणं. भुताची भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलंच तर म्हातारी माणसं हसून सांगतात, तिथं आमचीच माणसं पुरलेली आहेत.